लोकांची भीती

24 मार्च 2020 च्या रात्री पंतप्रधानांचं भाषण संपायच्या आतच आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानासमोर रांग लागली होती. मीही तिच्यात होतो. बारा वाजल्यापासून एकवीस दिवस घराबाहेर पडायचं नाही, एवढं डोक्यात शिरलं होतं. दुकानं उघडी राहणार का, दूध येणार का, याचे खुलासे नंतर आले. माझ्या पुढच्या बाई पाच किलो तूरडाळ मागत होत्या. मागे बांधकामावरचा एक तरुण उभा होता, मुठीत घामेजलेल्या थोड्या नोटा. मी एरवी दोन किलो तांदूळ घेतो, त्या दिवशी दहा मागितले. दुकानदार पोत्याकडे बघत म्हणाला, "दादा, पाचच घ्या. मागं माणसं आहेत." मी पाच घेतले. तो तरुण दोन किलो आटा, सुटं तेल आणि मिठाची पुडी घेऊन गेला. त्याच्याकडे जेवढे पैसे होते तेवढीच त्याची भीती त्याला परवडत होती.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच शब्द होता: झुंबड. लोकांना अक्कल नाही, शिस्त नाही, दोन दिवस दम धरवत नाही. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं आणि आज तर मुळीच पटत नाही. त्या रांगेत कुणी वेडं नव्हतं. रोजच्या उलाढालीवर चालणाऱ्या दुकानात माल असतो तो चार-आठ दिवसांचा. वस्तीतल्या प्रत्येक घरानं फक्त एक आठवडा जास्तीचं घेतलं, तरी दुकान एका रात्रीत रिकामं होतं. त्यात साठेबाज कुणी नसतो, लोभीही कुणी नसतो. प्रत्येक जण आपापल्या घरापुरतं शहाणपणानंच वागलेला असतो आणि तरी सकाळी फळी मोकळी दिसते. ती मोकळी फळी पाहून उरलेल्यांना वाटतं की माल खरंच संपला. मग ज्यांना कालपर्यंत भीती नव्हती, तेही पिशवी घेऊन निघतात.

आपल्याकडे हा साठवणीचा स्वभाव तर गुणच मानला गेलेला आहे. उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायचं, गव्हाला एरंडेल चोळायचं, मधे कडुलिंबाचा पाला घालायचा. सोलापूर-मराठवाड्याकडे ज्वारीची पेवं होती, घरोघरी कणग्या होत्या. याला आपण बेगमी म्हणतो, आणि बेगमी न करणाऱ्या घराला गावात कुणी चांगलं म्हणत नसे. मार्चमधल्या त्या रात्री शहरातल्या माणसानं बेगमीच करायचा प्रयत्न केला, फक्त वर्षाचं काम चार तासांत करायची वेळ त्याच्यावर आली. आणि त्याच महिन्याच्या सुरुवातीला सरकारी गोदामांत 580 लाख टनांहून अधिक गहू-तांदूळ पडून होता. एप्रिलसाठी ठरवलेला निकष 210 लाख टनांचा आहे. धान्य होतं, भरपूर होतं. ते आहे आणि माझ्यापर्यंत येईल, हा भरवसा तेवढा नव्हता.

'लोकांची भीती' या शब्दांचे मराठीत दोन अर्थ होतात. लोकांना वाटणारी भीती, आणि लोकांबद्दल वाटणारी भीती. संकटकाळाविषयी आपण सतत पहिल्या अर्थानं बोलतो: लोक घाबरतील, धावत सुटतील, दुकानं लुटतील. दुसऱ्या भीतीविषयी, म्हणजे राज्य करणाऱ्यांना आणि सुखवस्तूंना लोकांची जी धास्ती वाटते तिच्याविषयी, आपण क्वचितच बोलतो. माझं म्हणणं असं की आपल्या इतिहासात या दुसऱ्या भीतीनं जास्त माणसं मारली आहेत. पहिलीला खतपाणीही बहुतेक वेळा तिनंच घातलं आहे.

1943 कडे पाहावं. त्या वर्षी एकाच साम्राज्याच्या, एकाच युद्धात सापडलेल्या दोन प्रांतांनी टंचाईला दोन वेगळ्या रीतींनी तोंड दिलं. मार्च 1942 मध्ये रंगून जपानच्या हाती पडलं आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ यायचा बंद झाला. त्याची झळ मुंबईलाही होती आणि बंगाललाही. मुंबई इलाखा तर स्वतःच्या पोटापुरतंही पिकवत नव्हता. कागदावर पाहिलं तर उपासमार इकडेही होऊ शकली असती.

बंगालमध्ये सरकारला आधी भीती वाटली ती शत्रूची. जपानी सैन्य उतरलं तर त्याच्या हाती काही लागू नये म्हणून किनारपट्टीच्या जिल्ह्यांतून तांदूळ उचलण्यात आला आणि हजारो होड्या काढून घेतल्या गेल्या. ज्या मुलखात रस्ता म्हणजे नदी, तिथे होडी नेणं म्हणजे कोळ्याचं जाळं, कुंभाराचा बाजार आणि शेतकऱ्याचं शेत एकदमच तोडणं. ऑक्टोबर 1942 मध्ये मेदिनीपूरला चक्रीवादळ झालं, डिसेंबरात कलकत्त्यावर बॉम्ब पडले. मग सरकारला दुसरी भीती वाटू लागली, ती शहराची. कारखाने, गोद्या, कचेऱ्या चालू राहिल्या पाहिजेत, तिथला कामगार आणि कारकून बिथरता कामा नये, म्हणून त्यांच्यासाठी धान्याची सोय आधी झाली. खेड्यातला भूमिहीन मजूर, मच्छीमार, धान कांडून पोट भरणारी बाई यांची भीती कुणालाच वाटत नव्हती. तांदूळ त्यांच्या मजुरीच्या आवाक्याबाहेर गेला. वर्षाच्या मध्यावर सरकार सांगत होतं की प्रांतात धान्य पुरेसं आहे, अडचण आहे ती साठेबाजांची आणि लोकांच्या घबराटीची. जूनमध्ये खेडोपाडी साठे हुडकण्याची मोहीम निघाली. कलकत्ता आणि हावडा तिच्यातून वगळलेले होते. दुष्काळ संहिता लागू केली नाही, कारण लागू केली असती तर तिच्यात लिहिलेला शिधा देणं भाग होतं. ऑगस्टमध्ये 'स्टेट्समन'नं रस्त्यांवर मरून पडलेल्या माणसांची छायाचित्रं छापली, तेव्हा बाहेरच्या जगाला काय चाललंय ते दिसलं. मेलेल्यांचा सरकारी अंदाज 15 लाखांचा आहे. अमर्त्य सेन यांचा 30 लाखांच्या आसपासचा. सेन यांनी 1981 च्या पुस्तकात दाखवून दिलं की त्या वर्षीचं धान्य आधीच्या काही वर्षांच्या मानानं फार कमी नव्हतंच.

मुंबईत मे 1943 मध्ये रेशनिंग सुरू झालं. गिरगावातल्या चाळीत राहणाऱ्यालाही कार्ड आणि मलबार हिलवरच्यालाही कार्ड. माणशी किती मिळणार ते ठरलेलं, कुठल्या दुकानात मिळणार ते ठरलेलं. रेशनचं धान्य चांगलं असे असं कुणी म्हणणार नाही. खडे निवडून निवडून त्या पिढीतल्या बायकांची नजर गेली. काळाबाजारही होता. पण मुंबईच्या फुटपाथांवर कलकत्त्याची ती दृश्यं दिसली नाहीत. मला यात निर्णायक वाटतो तो कार्डाचा कागद. पुढच्या आठवड्यात आपल्या वाट्याला काय येणार आहे, हे त्या कागदानं माणसाला आज सांगितलं. शेजाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त मिळत नाही हेही सांगितलं. भीती उतरायला या दोनच गोष्टी लागतात, आणि दोन्ही राज्यकर्त्यांच्या हातातल्या आहेत. 'आपण लोकांना मोजून, सांगून, समान दिलं तर ते रांगेत उभे राहतील' असं मुंबईच्या कारभाऱ्यांनी गृहीत धरलं. बंगालच्या कारभाऱ्यांना ते गृहीत धरवलं नाही.

त्याच मुंबईनं अर्धशतक आधी उलटा अनुभव घेतला होता. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरनं प्लेग ओळखला. सुरुवातीला त्याचं नाव घ्यायलाच अधिकारी तयार नव्हते. बंदराचा व्यापार बसेल, शहर घाबरेल. नंतर त्यांनी एकदम दुसरं टोक गाठलं. ज्याच्या अंगात ताप त्याला उचलायचं, इस्पितळात टाकायचं, घर उघडं करून जाळपोळ-धुलाई करायची. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली. फेब्रुवारी 1897 मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला. मुंबईतून तोवर लाखो माणसं निघून गेली होती आणि रोग त्यांच्याबरोबर गावोगाव पोहोचला. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालचे गोरे शिपाई देवघरात आणि माजघरात शिरले. लोकांनी आजारी माणसं लपवली, प्रेतं रात्री परस्पर नेली. त्यांना अडाणी म्हटलं गेलं. ती माणसं रोगाला जेवढी भीत होती तेवढीच, किंवा जास्त, उपचाराच्या नावानं दारात येणाऱ्याला भीत होती, आणि त्या भीतीला सबळ कारण होतं. रँडच्या खुनानंतर, मुंबईतल्या 1898 च्या दंगलीनंतर सक्ती हळूहळू सैल करावी लागली. तो कायदा मात्र राहिला. मार्च 2020 मध्ये आपण तोच बाहेर काढला.

आता एक खरा आक्षेप. लोक घाबरतच नाहीत, चेंगराचेंगरी होतच नाही, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. एकाच आठवड्यातल्या दोन रात्री शेजारी ठेवून पाहू. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्रीची मुंबई ज्यांनी पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको: छातीभर पाण्यात दोर धरून उभी राहिलेली पोरं, अनोळखी बायांना घरात घेणारी झोपडपट्टीतली कुटुंबं, बसच्या टपावर अडकलेल्यांना पोहोचवलेला चहा-बिस्किटांचा डबा. पोलीस नव्हते, पालिका नव्हती, दिवे नव्हते, आणि लुटालूटही नव्हती. आपत्तींचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ, एन्रिको क्वारांटेली त्यांच्यात अग्रणी, गेल्या शतकाच्या मध्यापासून हेच सांगत आले आहेत की मोठ्या संकटात माणसं सहसा सैरावैरा होत नाहीत, ती एकमेकांना धरून राहतात. पण दोनच रात्रींनी, 28 जुलैला, जुहूच्या नेहरूनगर वस्तीत 'धरण फुटलं, समुद्र आत येतोय' अशी आवई उठली आणि चिंचोळ्या गल्ल्यांत पंधराहून अधिक माणसं चेंगरून मेली, त्यांत लहान मुलं होती.

माणसं तीच, शहर तेच. मग दोन रात्रींत फरक कसला? 26 तारखेला संकट डोळ्यांना दिसत होतं. पाणी किती आहे, कुठून येतंय, कुणाला हात द्यायचा हे प्रत्येकाला कळत होतं. 28 च्या रात्री संकट दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. वीज आणि फोन ठिकठिकाणी बंद होते, आणि दोन दिवस सरकारकडून वेळेवर खरं काही कळल्याचा कुणाचा अनुभव नव्हता. ज्यांनी आठवड्यात एकदा घर पाण्यात जाताना पाहिलं, त्यांनी पुन्हा पाणी येतंय ही बातमी खोटी का मानावी? मीठ संपल्याची अफवा आठवा. 11 नोव्हेंबर 2016 ची संध्याकाळ. मीठ दोनशे-चारशे रुपये किलो होणार, असं मोबाइलवर फिरलं आणि दिल्ली-उत्तर प्रदेशापासून आपल्या मुंबईपर्यंत लोक दुकानांकडे धावले. कानपूरमध्ये गर्दीत एका बाईचा जीव गेला. ज्या देशाला इतका लांब समुद्रकिनारा आहे, ज्याचं तीन चतुर्थांश मीठ एकटा गुजरात पिकवतो, तिथे मिठाच्या अफवेवर कसा विश्वास बसला? तीनच दिवसांपूर्वी, 8 तारखेच्या रात्री, हातातली पाचशेची नोट चालेनाशी झाली होती. त्यानंतरच्या आठवड्यात अशक्य वाटावी अशी बातमीच राहिली नव्हती.

अफवा ही खऱ्या बातमीच्या अनुपस्थितीत लोकांनी स्वतः लावून घेतलेला अंदाज असतो. तो चुकतो, कधी प्राणघातक चुकतो. पण तो चुकवणाऱ्यांत बातमी दाबून ठेवणाऱ्याचा वाटा मोठा आहे, हे गुन्हे नोंदवताना कुणी पाहत नाही. 'घबराट पसरू नये म्हणून' हे शब्द मला म्हणूनच फार धोक्याचे वाटतात. आकडे लपवताना, निर्णय रात्री आठला सांगताना, रुग्णालयातला प्राणवायू किती तास पुरेल हे नातेवाइकांना न सांगताना हेच शब्द वापरले जातात. एप्रिल 2021 मध्ये रेमडेसिव्हिरच्या कुपीसाठी लोक उन्हात रांगा लावत होते. माझ्या एका स्नेह्यासाठी मीही तीन दिवस फिरलो. साठा नाही असं एका ठिकाणी तोंडावर सांगितलं गेलं आणि त्याच दाराच्या मागं कुपी दसपट दरानं मिळत असल्याचं कळलं. विकणारा तो माणूस दोषीच, त्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण त्याचा धंदा साठा किती आहे हे कुणालाच ठाऊक नसण्यावर उभा होता. रोजचा साठा दारावर लिहिलेला असता तर दाराच्या मागं विकायला काही उरलं नसतं.

मला आशा वाटते ती 1972 च्या दुष्काळामुळे. त्याची आठवण आपण मिलो आणि सुकडीपुरती करतो, लाल ज्वारीच्या त्या भाकरीला चव नव्हती असं सांगतो, आणि पुढे जातो. तिथं थांबून पाहायला हवं. 1970 पासून लागोपाठ पाऊस हुकला. 1972-73 मध्ये राज्याचं धान्योत्पादन निम्म्याच्या आसपास घसरलं. बंगालमध्ये 1943 ला झाली त्याहून ही तूट कितीतरी मोठी. तरी महाराष्ट्रात माणसं त्या संख्येनं मेली नाहीत. मे 1973 मध्ये सरकारी कामांवर सुमारे 49 लाख माणसं होती: खडी फोडत, पाझर तलाव खोदत, बांध घालत. जाँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा जो अभ्यास केला त्यात सर्वांत लक्षात राहणारी गोष्ट हीच की तुटपुंजं धान्य त्यातल्या त्यात बरोबरीनं वाटलं गेलं, आणि ते वाटलं गेलं मजुरीच्या वाटेनं.

ही कामं सरकारनं आपण होऊन, प्रेमानं काढली असं कुणी समजू नये. काम मागायला तहसील कचेरीवर मोर्चे गेले. मजुरी थकली की घेराव झाले. गावात काम नसेल तर बायका पोरं काखेला मारून तालुक्याला येऊन बसत. मुंबईत सप्टेंबर 1972 मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एका फलकाखाली आल्या. लाटणी घेऊन मोर्चे निघाले, थाळ्या वाजल्या, तेल, साखर आणि रॉकेलसाठी मंत्र्यांना जाब विचारला गेला. ज्यांनी आयुष्यात कधी घोषणा दिली नव्हती अशा मध्यमवर्गीय गृहिणी रस्त्यावर उतरल्या. त्या वेळीही कायदा-सुव्यवस्थेची चिंता वाहणारे होतेच. पण तो आवाज म्हणजे गोंधळ नव्हता. कुठल्या भागात तेल पोहोचलं नाही, कुठल्या तालुक्यात काम बंद पडलंय, ही खबर थाळीच्या आवाजानं सचिवालयात पोहोचत होती. बंगालमधला भुकेला माणूस आवाज न करता मेला, म्हणून त्याची खबर कलकत्त्याला उशिरा लागली.

रोजगार हमीचा कायदा यातूनच पक्का झाला. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला साठच्या दशकात केलेला छोटा प्रयोग, त्यावर दुष्काळाचा अनुभव, मग 1977 चा कायदा, तो अमलात आला 26 जानेवारी 1979 ला. काम मागणाऱ्या माणसाला दंगेखोर न मानता हक्कदार मानणारी ती तरतूद पुढे 2005 मध्ये साऱ्या देशानं घेतली. लोकांची भीती न बाळगता संकट हाताळता येतं, हे आपल्याच मुलखानं करून दाखवलेलं आहे.

म्हणूनच 14 एप्रिल 2020 चं वांद्रे जास्त लागतं. सकाळी टाळेबंदी 3 मेपर्यंत वाढल्याचं जाहीर झालं. दुपारी स्टेशनजवळ गावी जाऊ इच्छिणारे मजूर हजाराच्या संख्येनं जमले. गाड्या सुटणार अशी अफवा होती. त्यांना लाठी मिळाली. तीन आठवडे बिनकामाचे, दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीनं झोपणारे ते लोक काय मागत होते? गाडी कधी सुटेल ते कुणीतरी सांगावं, एवढंच. ज्यांच्या आजोबांनी, पणजोबांनी 1973 मध्ये तहसीलदाराला घेरून काम मिळवलं, त्या महाराष्ट्रानं परप्रांतातल्या मजुराचा तोच प्रश्न सुव्यवस्थेला धोका म्हणून वाचला. श्रमिक गाड्या सुरू झाल्या त्या 1 मेला. 8 मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेली सोळा माणसं मालगाडीखाली गेली. ती जालन्याहून पायी निघाली होती, भुसावळला गाडी मिळेल या आशेनं. रूळ निवडला तो रस्त्यावर पोलीस अडवतील म्हणून, आणि गाड्या बंद आहेत असं त्यांना वाटत होतं म्हणून.

त्याच महिन्यात आमच्या भागातल्या रेशन दुकानासमोर लोक पहाटे पाचपासून उभे राहत. दुकानाबाहेर साठ्याचा फलक होता, कायद्यानं तो लागतोच, पण त्यावरची तारीख जुनी होती. रोज आरडाओरडा, रोज कुणीतरी पोलिसाला फोन करी. गल्लीतल्या दोन बायांनी एके दिवशी दुकानदाराला उभं करून खडू त्याच्या हातात दिला. गहू इतका आला, तांदूळ इतका, आज या क्रमांकापर्यंतच्या कार्डांना, उरलेल्यांना परवा. त्यानं लिहिलं. लोकांनी वाचलं, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना इतरांनी वाचून दाखवलं. जमिनीवर आखलेल्या वर्तुळांत पिशव्या आणि चपला ठेवून पहिले चाळीस जण भिंतीच्या सावलीला जाऊन बसले. बाकीचे घरी गेले.